पुढचे पाटे

पहिल्यांदा लक्षात आलं ते आईच्या. रविवारची सकाळ होती, ती पिकअपच्या बॉनेटवर बादलीनं पाणी मारत होती. बाजाराहून आलेली गाडी म्हणजे अंगावर टोमॅटोचा रस, लाल माती आणि घाटातला चिखल. दोन-तीन बादल्या लागतातच. मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अरे, पाणी सगळं त्या अंगालाच का चाललंय?"

मी उठून पाहिलं. बॉनेटच्या मधोमध ओतलेलं पाणी दोन्हीकडे फुटायला हवं. ते जवळजवळ सगळं ड्रायव्हरच्या बाजूनं ओघळत होतं. आधी वाटलं अंगणाचा उतार असेल. हवा तपासली, दोन्ही चाकांत सारखी होती. मग टेप आणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजलं. गाडी उलट्या तोंडानं लावून पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा उजवी बाजू ४ सेंटिमीटर खाली.

पोतं अंथरून, टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. आमच्या पिकअपला पुढे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा पाट्यांचा, म्हणजे वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा, जुडगा. उजवीकडचा वरून तिसरा पाटा, जुडगा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या प्लेटला लागूनच तुटला होता. तुटलेला तुकडा बोटभर बाहेर सरकला होता आणि क्लिपनं धरला म्हणून खाली पडला नव्हता. खालचे तीन पाटे आणि वरचे दोन मिळून त्याचा भार वाहत होते. किती दिवस, ते तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं.

आमच्या घरात पाटा म्हटलं की आईला वाटणाचा आठवतो आणि आबांना गाडीचा. गाडीच्या पाट्यांना आमच्याकडे कुणी कमान म्हणतं, कुणी कमानपाटे म्हणतं, आणि कमान हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण सगळी ताकद त्या वाकात आहे. दोन्ही टोकं वर उचललेली, मधला भाग ॲक्सलवर बसलेला. वजन आलं की कमान सपाट होत जाते, खड्डा ओलांडला की परत उचलते. एकच जाड पट्टी घातली असती तर ती एकतर वाकलीच नसती, किंवा मोडली असती. म्हणून पातळ पट्ट्या, एकावर एक, खाली येऊ तसतशा आखूड. सगळ्यात जास्त ताण मध्यावर येतो, तिथे सहाही पाटे असतात. टोकाकडे ताण कमी, तिथे एक-दोनच. आणि वाकताना पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यातच उसळीचा थोडा जोर जिरतो. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट नावाच्या माणसानं १८०४ साली घोडागाडीसाठी असल्या कमानींचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या टांग्यांना कमानी होत्या. बैलगाडीला नव्हत्या; तिथे सगळा धक्का चाकाकडून जुवाकडे आणि जुवाकडून बैलाच्या मानेवर जायचा.

आबांना सांगितलं तेव्हा ते बाजेवर बसले होते, कमरेला पट्टा बांधून. गेल्या वर्षी मणक्याचं दुखणं निघालं तेव्हापासून डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केलीय. गाडी चालवायला बंदी केलेली नाही, किंवा केली असेल तर ती आबांनी आम्हाला सांगितलेली नाही. ते म्हणाले, "मागचे बघितले का?"

मागचे ठणठणीत होते. मागच्या पाट्यांकडे आमच्या भागात सगळ्यांचं लक्ष असतं. पिकअप घेतली की महिन्याभरात माणूस आळेफाट्याला जातो आणि मागे दोन-दोन पाटे जादा टाकून आणतो. आबांनीही २०१४ साली गाडी घेतली तेव्हा तेच केलं. माल मागे असतो, त्यामुळे माणूस मागे बघतो. पुढच्या पाट्यांची आठवण कुणाला होत नाही. पण नीट विचार केला तर मागच्या पाट्यांना सुट्टी असते. माल उतरवला, गाडी रिकामी झाली, की ते उचलतात, मोकळे होतात. पुढच्यांवर इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, केबिन आहे, केबिनमधली माणसं आहेत. गाडी रात्रभर अंगणात उभी असली तरी पुढचे पाटे वाकलेलेच असतात. त्यात माळशेजसारखा घाट उतरताना ब्रेक दाबला की मागचं वजनही पुढे झुकतं, आणि ब्रेकचा पीळ ॲक्सलमार्फत याच पाट्यांत येतो. अकरा वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता.

आमचं गाव ओतूरजवळ. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, आणि पालेभाजी, काकडी, कोबी असला की घाट उतरून कल्याणला. कोकणातून देशावर आणि देशावरून कोकणात ओझं नेण्याचा हा मुलूख फार जुना आहे. इथून जवळच नाणेघाट आहे, सातवाहनांच्या काळातला. वर जकातीचा दगडी रांजण अजून आहे आणि लेण्यात नागनिकेचा लेख आहे. लहानपणी सहलीला गेलो की मास्तर रांजणाची गोष्ट सांगत. मला मात्र त्या फरसबंद पायऱ्या बघून वाटायचं, भरल्या पाठीनं इथून बैल कसा उतरत असेल.

टोमॅटोचं क्रेट २० किलोचं. रिकामं क्रेट धरून २२ समजा. आमच्या गाडीची नोंदणीतली क्षमता १३०० किलो. भागाकार केला तर ५९ क्रेट होतात. ५९ क्रेट भरून नारायणगावला निघालेली पिकअप मी तरी कधी पाहिलेली नाही. ऐंशी, नव्वद, कुणी शंभरच्या वर. दंड माहीत नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. तरीही लोक भरतात, आणि ते लोभापायी भरतात असं जे बाहेरून बोललं जातं ते मला मान्य नाही. २०२३ च्या जुलैत क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. तेव्हा उद्या भाव पडेल या भीतीनं लोकांनी क्रेटवर क्रेट रचले. आणि ज्या वर्षी माल बांधावर ओतायची वेळ येते, त्या वर्षी एका फेरीत जितका जाईल तितका नेला तरच डिझेल निघतं. भाव असला तरी जादा क्रेट, नसला तरी जादा क्रेट. ते ओझं शेवटी कुठेतरी बसणार, ते पाट्यांवर बसतं.

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथे पाटेवाल्यांची दुकानं आहेत. मी दुपारी तुटलेल्या पाट्याचा फोटो घेऊन गेलो. दुकानदार वयस्कर, हाताची बोटं कायमची काळी पडलेली. फोटो बघून म्हणाला, तुटलेला एक पाटा बदलू, बाकीचे पिटून कमान चढवून देतो, दोन तासांचं काम. पिटणं म्हणजे सपाट झालेला पाटा ऐरणीवर धरून थंडच घणानं ठोकायचा, म्हणजे परत वाक येतो. हे काम बघण्यासारखं असतं. ठोका कुठे, किती जोरात, हे त्या माणसाच्या मनगटात असतं. पण अकरा वर्षं वाकून थकलेलं पोलाद ठोकून तरुण होत नाही. काही महिने उभं राहतं, मग बसतं. मी नवा जुडगा मागितला, दोन्ही बाजूंचा.

तो म्हणाला, "डावीकडचा कशाला? तो चांगलाय ना."

कारण असं की नवी कमान जुनीपेक्षा उंच असते. एकच बाजू नवी टाकली तर पाणी उजवीकडून वाहायचं ते डावीकडून वाहू लागेल, आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढेल. हे त्यालाही माहीत होतं, पण बहुतेक गिऱ्हाईक पैशाकडे बघून एकच बाजू करतं, म्हणून त्यानं विचारलं. मग त्यानं आपुलकीनं दुसरा सल्ला दिला. "मग एक-एक पाटा जादा टाकून देतो. गाडी उचलून राहील, परत यायला नको."

हा सल्ला मी घेतला नाही, आणि त्यावर घरी दोन दिवस वाद झाला. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट, बोल्ट, जोड तपासतो. पाट्यांचं गणित मला पाठ आहे. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, पण जाडीचं तसं नाही, जाडीचा घन होतो. ७ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो जवळपास दीडपट ताठ होतो. एक मिलिमीटरनं एवढा फरक पडतो, तर अख्खा पाटा वाढवल्यावर काय होईल? पुढची बाजू ताठ झाली की चाक खड्ड्यावरून उडतं. उडालेलं चाक ना वळतं, ना थांबतं. आणि जो धक्का पाट्यात जिरायचा तो पाट्याचं टोक धरणाऱ्या हँगरला जातो, चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या रिव्हेटला जातो, स्टिअरिंगमधून हातात येतो, सीटमधून मणक्यात जातो. मणक्याचा मुद्दा मी आबांसमोर काढला नाही. तो आईनं काढला.

आबा म्हणाले, "माल कमी होणार नाय. पाटा वाढवला नाय तर हा पण तुटंल."

"तुटेल," मी म्हणालो, "पण आधी पाटा तुटू द्या. चॅसिस तुटायला नको."

ते गप्प बसले. मग म्हणाले, "करणार कोण?"

"आपण. इथंच."

मी हे का म्हणालो ते मला नीट सांगता येतं. सीझन संपत आला होता, गाडी दोन दिवस उभी राहिली तरी चालणार होतं. पण खरं कारण वेगळं होतं. कारखान्यात मी हजारो नटांवर खूण केलीय, आणि ज्या गाडीच्या जिवावर माझं शिक्षण झालं तिचा एक नटही कधी हातानं सोडला नव्हता. आणि आबांना आता ओझं उचलता येत नसलं तरी त्यांच्या डोक्यात जे आहे ते माझ्याकडे नाही, ते शेजारी बसलेले असताना घ्यावं, असं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी तारेच्या ब्रशनं यू बोल्टचे नट, शॉकअपचा खालचा बोल्ट, हँगर आणि मागच्या टोकाच्या शॅकलचे बोल्ट सगळे घासून काढले आणि डिझेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळून ठेवल्या. रात्री जेवण झाल्यावर परत एकदा डिझेल सोडलं. बाजारात त्यासाठी फवारे मिळतात, चांगले असतात. पण डिझेल रात्रभर ठेवलं तर तेही आत उतरतं.

रविवारी सकाळी सात वाजता धाकटा चुलतभाऊ आला. फरशीचं सपाट अंगण निवडलं. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा आटा सैल केले. उचलल्यावर चाक फिरतं आणि जोर लागत नाही. मग चॅसिसखाली जॅक लावून गाडी उचलली आणि हँगरच्या मागे, चॅसिसच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या ठेवल्या. मी खाली शिरायला निघालो तर आबांनी हाक मारली.

"थांब. ते काढलेलं चाक चॅसिसखाली सरकव."

घोड्या मजबूत होत्या, जराही हलत नव्हत्या. पण त्यांचं ऐकलं. दोन्ही चाकं आडवी करून चॅसिसखाली सरकवली. गाडी निसटलीच तर चाकावर बसेल, माणसावर बसणार नाही. त्यांनी कुठे काय पाहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसरा जॅक ॲक्सलखाली लावला, वजन नुसतं टेकेल इतपत, कारण पाटे सुटले की ॲक्सल खाली लोंबकळतो आणि ब्रेकच्या होजपाइपला ओढ बसते. ब्रेकचा पाइप ताणला जातोय का यावर पुढचा सगळा वेळ माझी एक नजर होती.

एकेका बाजूला दोन यू बोल्ट, चार नट. उजवीकडचे तीन नट लांब पाईप घातलेल्या पान्यानं कुरकुरत सुटले. चौथा बोल्टासकट पिळला जायला लागला. यू बोल्ट परत वापरायचेच नव्हते. एकदा आवळून ताणलेल्या बोल्टाचे आटे पुन्हा तसे धरत नाहीत, म्हणून नवे आणलेच होते. ग्राइंडरनं कापायचं ठरवलं. आधी डिझेलच्या चिंध्या लांब नेऊन टाकल्या, बोल्ट कोरड्या फडक्यानं पुसला, आई पाण्याची बादली घेऊन उभी राहिली. ठिणग्या अंगणभर उडाल्या आणि दोन मिनिटांत बोल्ट तुटला.

खरा वेळ घेतला तो हँगरच्या बोल्टानं. पाट्याच्या पुढच्या टोकाला डोळा असतो, डोळ्यात रबरी बुश, बुशमध्ये लोखंडी नळी, आणि नळीतून हँगरचा बोल्ट आरपार. अकरा पावसाळ्यांत ती नळी आणि बोल्ट एक झाले होते. नट सुटला, पण बोल्ट हलेना. घणानं ठोकला, पंच लावून ठोकला, चुलतभावानं ठोकला. दीड तास गेला. मी परत ग्राइंडर उचलला तेव्हा आबा बाजेवरून उठले, कमरेवर हात ठेवून हळूहळू आले आणि वाकायचं नाही म्हणून उभ्या-उभ्याच म्हणाले, "बोल्टाच्या डोक्याला पाना लाव. आवळ."

"आवळू?"

"आधी आवळ, मग सोड. जिकडं जायचंय तिकडं ढकलून तो जात नाय. आधी उलटा हलव."

आवळायच्या दिशेनं सगळा जोर लावला. काही झालं नाही. परत लावला. आतून 'कर्र' असा बारीक आवाज आला, गंजाची लाल भुकटी बाहेर पडली, आणि बोल्ट केसभर फिरला. मग सोडायच्या दिशेनं केसभर. परत आवळला, परत सोडला, मध्ये डिझेलचे थेंब सोडले. वीस मिनिटांत बोल्ट हातात. आबा जाऊन बाजेवर बसले. कारखान्यात आमच्याकडे बोल्ट सोडण्याच्या सूचना छापलेल्या आहेत. त्यात हे कुठे लिहिलेलं नाही.

मागचं टोक शॅकलमध्ये असतं. शॅकल म्हणजे झोक्याच्या कड्यांसारख्या दोन पट्ट्या. पाटा सपाट झाला की लांब होतो, त्या लांबीला सरकायला जागा हवी, म्हणून एक टोक पक्कं आणि दुसरं झुलतं. ते सोडलं, आणि जुडगा दोघांनी मिळून खाली घेतला. वजन करून पाहिलं नाही, पण हाताला साधारण भरलेल्या टोमॅटोच्या क्रेटाएवढं लागलं. नव्याला लावून ठेवला तेव्हा चुलतभाऊ नुसता बघत राहिला. नवा धनुष्यासारखा. जुना जवळजवळ सरळ.

मग मी सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढून जुडगा सुटा केला. त्याची काही गरज नव्हती, पण मला तुटलेला तिसरा पाटा पाहायचा होता.

तुटलेली बाजू पाण्यानं धुऊन उन्हात धरली. ते जे दिसलं त्यासाठी मी हा लेख लिहितोय. दोन बोटं रुंदीच्या त्या तोंडावर तीन वेगवेगळे भाग होते. वरच्या अंगाला, एका कडेजवळ, गव्हाच्या दाण्याएवढा काळाकुट्ट ठिपका. तिथे पूर्वी खळगा पडला असणार, दगड लागून किंवा गंजून. पाट्याचा वरचा पृष्ठभाग वजनाखाली ताणला जातो, त्यामुळे तडा तिथूनच सुरू होतो. त्या ठिपक्याभोवती शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा, एकीबाहेर एक, तपकिरी गंजलेल्या. आणि शेवटी खालच्या कडेला राखाडी, दाणेदार, थोडा चमकणारा भाग, साखरेचा खडा फोडल्यासारखा.

पोलाद थकलं की असंच तुटतं. एका खड्ड्यानं नाही. प्रत्येक वेळी वजन आलं की तडा सुतभर पुढे सरकतो आणि थांबतो. काही काळ हलकं काम असलं की तिथेच राहतो, तोंड गंजतं, रेष उमटते. परत भार आला की परत पुढे. त्या रेषांचं अंतर कडेला दाट आणि पुढे विरळ होत गेलं होतं, म्हणजे जसजसा धड भाग कमी होत गेला तसतसा तडा वेगानं धावला. शेवटच्या दाणेदार भागानं एकट्यानं जमेल तितकं धरलं, आणि मग एका झटक्यात मोडला. त्या राखाडी भागावरही आता फिकट तांबूस छटा आली होती, म्हणजे मोडल्यालाही निदान एक पावसाळा उलटला होता. वर्षभर आम्ही तुटक्या पाट्यावर माळशेज उतरत होतो. आबा आणि आई दोघं कित्येकदा पहाटे तीनला निघून त्याच गाडीतून कल्याणला गेलेत.

मी ते आबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ अंगठा त्या रेषांवरून फिरवला. म्हणाले, "हे टोमॅटोच्या साली सुरू झालेलं दिसतंय." म्हणजे २०२३. ते खरं की खोटं, रेषांवरून सांगता येत नाही. पण त्या जुलैत आपण किती क्रेट भरत होतो ते त्यांच्या लक्षात होतं, आणि त्यांनी ते आपणहून बोलून दाखवलं.

दुपारी जेवून परत लागलो. नवे बुश आधीच बसवलेले आले होते. पाट्यांच्या टोकांना, जिथे एक दुसऱ्यावर घासतो तिथे, ग्राफाइटचं ग्रीस बोटानं पातळ लावलं. पूर्ण माखायचं नाही; थोडं घासलं पाहिजे. काही लोक जळकं ऑइल ओततात, मला ते आवडत नाही, कारण त्यावर धूळ बसते आणि धुळीचा पॉलिशपेपर होतो. पुढचा डोळा हँगरला, मागचा शॅकलला, बोल्ट नुसते हातानं आवळून ठेवले. मग ॲक्सल जॅकनं हळूहळू वर घेतला. सेंटर बोल्टाचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमकं बसलं पाहिजे. ते एका बाजूला अर्धा इंच पुढे आलं तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी जन्मभर तिरकी चालते. आमचं बोटभर मागे पडत होतं. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून ॲक्सल ढकलला, चुलतभावानं जॅकचे दोन झटके दिले, आणि 'टक्' असा आवाज होऊन डोकं बसलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

यू बोल्ट एका बाजूनं पूर्ण आवळायचे नसतात. आडवे-तिडवे, चारही नट थोडे-थोडे, म्हणजे प्लेट सरळ बसते. डावी बाजू सकाळच्या निम्म्या वेळात झाली. चाकं लावली, गाडी घोड्यांवरून उतरवली, आणि मग हँगरचे, शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळले. हा क्रम महत्त्वाचा आहे आणि घाईत तो नेहमी चुकतो. गाडी हवेत असताना बोल्ट आवळले तर रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो. सहा महिन्यांत फाटतो. वजन पायावर आल्यावरच गाठ मारायची.

संध्याकाळी पाच वाजले होते. गाडीचं नाक उंच दिसत होतं. टेप लावला, दोन्ही बाजू सारख्या. फक्त एक गोष्ट आधी सुचली नव्हती: नाक उचललं म्हणजे हेडलाइटही उचलले. अंधार पडल्यावर गोठ्याच्या भिंतीसमोर गाडी उभी करून स्क्रू फिरवत दोन्ही दिवे खाली घेतले. नाहीतर घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश गेला असता.

मग गाडी रस्त्यावर काढली. आबा शेजारी बसले. ओतूरपर्यंत जाऊन आलो. गावाच्या कमानीजवळच्या त्या खड्ड्यावर, जिथे इतकी वर्षं डॅशबोर्डचा कप्पा आपोआप उघडायचा, तिथे गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि शांत झाली. कप्पा बंद. आबांनी एक हात सहज कमरेवर ठेवला होता. खड्डा गेल्यावर तो त्यांनी काढून घेतला.

जुने पाटे भंगारात दिले नाहीत. पाट्याच्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, सोबत सिलिकॉन, मँगनीज; नीट पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं, तर धार धरतं आणि लवकर बोथट होत नाही. म्हणून ऊसतोडीचा कोयता असो की लाकूड फोडायची कुऱ्हाड, आमच्याकडे लोक आधी विचारतात, पाट्याची आहे का? दिवाळीनंतर घिसाड्यांची पालं गावाबाहेर पडतात, लोखंड धरायला बाप्या आणि घण घालायला बाई, त्यांना ते द्यायचे असं आबांनी ठरवलंय. दोन कोयते, एक पहार आणि आईला विळी. तुटलेला तिसरा पाटा मात्र मी चाकणला नेला. तो माझ्या टेबलावर आहे. नवीन मुलं ट्रेनिंगला आली की त्यांच्या हातात देतो आणि रेषा मोजायला सांगतो.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट परत आवळायचे असतात. पाटे एकमेकांत बसतात आणि नट सैल पडतात. पुढच्या रविवारी पाना लावून पाहिले. आठातले सहा हलले नाहीत, दोन पाव आटा गेले.

मंगळवारी कल्याणच्या बाजारातून आबांचा फोन आला. भावाचं बोलून झाल्यावर आपणहून म्हणाले, "चौसष्ट टाकले होते."

"चांगलंय," मी म्हणालो.

"उरलेले उद्या नेतो. डिझेल जास्त जातंय, बघ."

जातंयच. एका फेरीचं दोन फेऱ्यांत केलं की किती जास्त जातं ते त्यांनी मला रुपयांत सांगितलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. काकडी संपल्यावर कोबी निघणार आहे, कोबी जड असतो. तेव्हा काय करायचं ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. येत्या रविवारी घरी जातोय, पाना बरोबर आहे.